टक्के नंतर बोलू, आधी कशाचे टक्के ते सांगा

प्रति,
मोठ्या म्युझिक कंपन्यांच्या लीगल आणि लायसन्सिंग डिपार्टमेंटमधले सगळे साहेब आणि मॅडम यांना,

नमस्कार.

मी उरणचा. हळदीची गाणी लिहितो, चालीपण मीच लावतो. पेण, पनवेल, उरण, भिवंडी, डोंबिवली या पट्ट्यात आगरी-कोळी लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात जे काय वाजतं त्यातलं थोडंफार माझं असतं, तुम्ही कधी लग्नसराईत आमच्या साइडला ट्रॅफिकमध्ये अडकला असाल तर माझं एखादं गाणं तुमच्या कानावर पडलं असणार, फक्त तेव्हा शिव्या घातल्या असतील. गाण्यावर घर चालत नाही म्हणून द्रोणागिरीला एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, टॅली क्लार्क आहे. कंटेनर उघडला की नंबर बघायचा, सील बघायचं, किती पेट्या उतरल्या, किती फुटल्या ते लिहायचं आणि सही करायची, एवढंच काम, गेली अठरा वर्षं. हे मुद्दाम सांगतोय, पुढे कामाला येणारे.

पत्र लिहायचं कारण असं की गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचा मेल आला. नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी मेल तोच असतो. तीन नवीन गाणी द्या, रॉयल्टी १५ टक्के, सोबत ॲग्रीमेंटची पीडीएफ, १९ पानं, सगळी इंग्लिशमध्ये, आणि खाली ‘दोन दिवसांत सही करून पाठवा’. मी उलट एका ओळीत विचारलं, १५ टक्के कशाचे? अकरा दिवस काहीच नाही. मग फोन आला. पोरगा चांगला होता, बोलायला गोड, म्हणाला सर नेटचे. म्हटलं नेट म्हणजे काय काय कापून? म्हणाला सर ते ॲग्रीमेंटमध्ये दिलंय, स्टँडर्ड आहे, सगळे साइन करतात.

रात्री जेवणं झाल्यावर मुलीला बसवलं, ती बीकॉमला आहे, आणि नववं पान वाचून घेतलं. नेट म्हणजे कंपनीच्या हातात प्रत्यक्ष पडलेली रक्कम, त्यातून वजा डिस्ट्रिब्यूशन, वजा मार्केटिंग, वजा व्हिडिओचा खर्च, वजा ॲडमिन चार्ज, वजा ‘कंपनीला योग्य वाटेल असा इतर खर्च’. पोरगी म्हणाली, पप्पा, म्हणजे काय उरलंच तर त्याचे १५ टक्के.

साहेब, आमच्या यार्डात असं चालत नाही. प्रत्येक कंटेनरला नंबर असतो, चार अक्षरं आणि सात आकडे, त्यातला शेवटचा आकडा नुसता तपासणीसाठी, म्हणजे मधला एखादा आकडा चुकीचा लिहिला तर हिशोब बसत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. चीनमधून निघालेला डबा माझ्या समोर उघडतो तेव्हा तो कोणाचा, कुठून आला, कुठल्या बोटीतून उतरला, आत काय, सगळं कागदावर असतं. ‘बोटीवरून बरेच डबे आले, त्यात तुमचा पण असेल, तुमच्या वाट्याला एवढं येतं’ असं मी एखाद्या इंपोर्टरला बोलून बघतो, दुसऱ्या दिवशी माझी नोकरी राहणार नाही. आणि गाण्यालापण असाच नंबर असतो की, आयएसआरसी, बारा अक्षर-आकड्यांचा, प्रत्येक रेकॉर्डिंगला वेगळा. तो तुम्हीच टाकता. म्हणजे डबा मोजायची सोय तुमच्याकडे आहे. माझ्या डब्याचा कागद तेवढा मला मिळत नाही.

आता जुनी गोष्ट सांगतो, कारण नव्या करारावर मी एवढा अडून का बसलोय ते त्याशिवाय कळणार नाही.

२०१६ ला, लग्नसराई सुरू होती, माझं एक गाणं पनवेलच्या एका घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड झालं. बेंजो, ढोलकी, कीबोर्ड, कोरसला माझ्या बहिणी. एका कंपनीच्या माणसाने ऐकलं, आवडलं, आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर माझी सही घेऊन ११,००० रुपये दिले. वन टाइम. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू, त्या पैशात घरी मिक्सर आला आणि उरलेल्यात बोकड. करारात लिहिलं होतं की सगळे हक्क कायमचे कंपनीचे, आणि ‘संपूर्ण ब्रह्मांडात’. हे शब्द खरंच होते. मी तेव्हा विचारलं पण, की ब्रह्मांडात कुठे हळद लागते? सगळे हसले, मीपण हसलो, आणि सही केली.

सहा वर्षांनी ते गाणं रील्सवर चाललं. कोणा मुलीने मांडवात नाचतानाचा व्हिडिओ टाकला आणि मग बघायला नको, पार कोल्हापूर, नागपूर, दुबईतली आपली पोरं, सगळे त्यावर नाचत होते. जासईला एका हळदीत बेंजो पार्टीने एका रात्रीत ते तीनदा वाजवलं, आणि बेंजोवाला मला मांडवाच्या कडेला बघून ओरडला, “दादूस, यो गाना तुझाच हाय ना? मंग आता गाडी घेतलीस का नाय?” मी शिफ्ट संपवून स्कूटरवरून गेलो होतो, हेल्मेट हातातच होतं.

तेव्हा पहिल्यांदा मी कायदा बघायला लागलो. आधी मोबाइलवर, मग पनवेलच्या एका ओळखीच्या वकिलाकडे. आणि बघितल्यावर डोकं फिरलं. कारण २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदललाय. मूळ कायदा १९५७ चा, आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टाने आयपीआरएसच्या, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीच्या, केसमध्ये असं धरलं होतं की निर्मात्याने पैसे देऊन गाणं करून घेतलं आणि वेगळा काही करार नसेल तर मालक निर्माता, विषय संपला. त्यानंतर ३५ वर्षं गीतकार-संगीतकार हात हलवत बसले. मग जावेद अख्तर राज्यसभेत गेले, लावून धरलं, आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलम १८ मध्ये लिहिलं गेलं की गीतकार-संगीतकाराने कॉपीराइट विकला तरी रॉयल्टीचा समान वाटा तो विकू शकत नाही, सोडूनही देऊ शकत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देऊ शकतो, बाकी कोणाला नाही, आणि याच्या उलट काही लिहून घेतलं असेल तर ते रद्दबातल. सिनेमाच्या गाण्याला थिएटरपुरती सूट आहे. माझ्यासारख्या बिगरफिल्मी गाण्याला तीपण नाही.

म्हणजे माझ्या २०१६ च्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे लेखकाला काहीही देणं लागणार नाही’ असं जे वाक्य होतं ते लिहिलं त्या दिवशीच मेलेलं होतं. चार वर्षं झाली होती कायद्याला. मला माहीत नव्हतं हे कबूल, मी कंटेनर मोजणारा माणूस. पण कागद बनवणाऱ्या तुमच्या वकिलाला माहीत नव्हतं असं मी मानायचं का?

आणखी एक गंमत. त्याच कायद्यात असंही आहे की करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हतंच, त्याला तो करार लागू होत नाही, जोपर्यंत करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल. रील्स आपल्याकडे आले जुलै २०२० मध्ये, टिकटॉक बंद झाल्यावर. माझा करार २०१६ चा. आता ‘आज असलेली आणि पुढे येणारी सर्व माध्यमे’ अशा एका गुळगुळीत वाक्यात रील्सचा स्पष्ट उल्लेख झाला का, हे वकील लोकांनी भांडावं, मला विचाराल तर नाही झाला.

तर मी कंपनीला मेल केला. सात मेल केले. सातव्यानंतर उत्तर आलं की करारानुसार आम्ही काही देणं लागत नाही तरी गुडविल म्हणून तुम्हाला १० टक्के देऊ. गुडविल! कायद्याने जे समान वाट्याचं आहे ते दहा टक्के करून वर उपकार. आणि मग स्टेटमेंट आलं, सहा महिन्यांचं, एक पान. त्यावर एकच ओळ होती, ‘डिजिटल, सर्व प्लॅटफॉर्म’. जमा ४,१२० रुपये. कपात ३,७०८. नेट ४१२. माझे दहा टक्के, ४१ रुपये २० पैसे. बायकोने ते पान फ्रीजवर चिकटवलंय, मॅग्नेट लावून, अजून तिथेच आहे.

मला ४१ रुपयांचा राग नाही आला. कदाचित खरंच तेवढेच असतील, मला कसं कळणार? रील्सवर करोडो लोकांनी बघितलं म्हणजे करोडो रुपये येतात असं मानणारा मी येडा नाही. स्ट्रीमिंगला एका प्लेचा ठरलेला रेट नसतो हे मी वाचलंय, सगळा पैसा एका हंड्यात जमा होतो आणि एकूण स्ट्रीममधला कोणाचा किती हिस्सा त्यावर वाटप होतं, स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षात १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या रेकॉर्डिंगला हंड्यातलं काहीच नाही. ठीक आहे. पण ४,१२० हा आकडा कुठून आला? यूट्यूबचे किती, रील्सचे किती, किती वेळा वाजलं, आयएसआरसी कुठला? रील्सचे पैसे तुम्हाला जर सगळ्या कॅटलॉगचे मिळून ठोक आले असतील तर त्यातला माझ्या गाण्याचा भाग कोणत्या मापाने काढला? आणि ३,७०८ कशावर कापले, त्या गाण्याचा ना तुम्ही व्हिडिओ केला ना जाहिरात, ते एका पोरीने मांडवात मोबाइलवर शूट केलंय.

आता तुमचे वकील म्हणतील, अहो, समान वाटा म्हणजे रेकॉर्डिंगच्या सगळ्या पैशातला निम्मा नाही, फक्त शब्द आणि चालीच्या रॉयल्टीतला. बरोबर आहे. मान्य. रेकॉर्डिंग तुमचं, शब्द-चाल माझी, दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि मीही तेवढंच मागतोय. पण मग आलेल्या पैशातला शब्द-चालीचा भाग किती धरला हे तरी कुठे लिहिलंय का? पुन्हा तेच, निम्मं ठीक, पण कशाचं निम्मं?

मग मी आयपीआरएसचा मेंबर झालो. ही सोसायटी १९६९ पासूनची, २०१७ ला नव्याने रजिस्टर झाली, आणि रेडिओवाले शब्द-चालीचे वेगळे पैसे द्यायला तयार नव्हते तेव्हा मुंबई हायकोर्टात एप्रिल २०२३ ला तिच्या बाजूने ऑर्डर झाली. लहान लोकांना माझं एकच सांगणं, पहिलं काम ते करा. तर मेंबर झाल्यावर गाण्याची नोंद बघितली तेव्हा जे दिसलं ते मात्र मला ४१ रुपयांपेक्षा जास्त लागलं. कंपनीने गाणं नोंदवताना गीतकाराच्या जागी लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. संगीतकार, ‘पारंपरिक’.

इथे थोडं सविस्तर बोलतो कारण हे फक्त माझं नाही, आमच्या अख्ख्या पट्ट्याचं आहे.

माझी मावशी धवलारीण होती. आगरी लग्नात धवलारीण म्हणजे बामणाच्या बरोबरीची, हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, आणि हे धवले कुठे लिहिलेले नसतात, तिच्या सासूकडून तिच्याकडे, तिच्याकडून पुढे. माझ्या गाण्याची पहिली ओळ मावशीच्या तोंडची आहे, मी ते कधी लपवलं नाही, गाण्याच्या सुरुवातीला कोरसमध्ये ती तशीच ठेवलीय, तिच्या आवाजाच्या वळणासकट. ती ओळ पारंपरिक. बिनशर्त. तिच्यावर ना माझा हक्क ना तुमचा. पण पुढची तीन कडवी, त्यातली ती सिडकोच्या प्लॉटवरची चेष्टा, नवरदेवाच्या मामाची बुलेट, आणि जी चार सुरांची ओळ आज सगळे गुणगुणतात ती, हे पारंपरिक कधी झालं? सिडकोच्या प्लॉटला परंपरा?

आणि यातला डाव साधा आहे. गीतकार पारंपरिक म्हटला की वाटा मागायला कोणी येत नाही. परंपरेला बँक अकाउंट नसतं, पॅनकार्ड नसतं. पण गंमत बघा, पैसा घेताना तेच गाणं पारंपरिक नसतं. मी माझ्या चॅनलवर त्याच गाण्याचं हार्मोनियमवरचं साधं व्हर्जन टाकलं, घरात बसून, तर यूट्यूबवर कंटेंट आयडीचा क्लेम आला, मालक म्हणून तुमची कंपनी. कंटेंट आयडी म्हणजे मालक आपली फाइल देऊन ठेवतो, मशीन जुळवून बघतं, आणि जुळलं की मालक ठरवतो, व्हिडिओ बंद करायचा, नुसता नजरेखाली ठेवायचा, की त्यावरच्या जाहिरातीचे पैसे आपल्याकडे वळवायचे. तुम्ही वळवले. मी डिस्प्यूट टाकला, त्याला क्लेम करणाऱ्याला ३० दिवस मिळतात, तुम्ही २९ व्या दिवशी क्लेम कायम ठेवला. म्हणजे द्यायच्या वेळी चाल सगळ्या गावाची आणि घ्यायच्या वेळी एकट्या कंपनीची.

आमच्या कित्येक म्हाताऱ्या बायकांचे धवले आज अशा नोंदींखाली कुठे कुठे पडलेत देव जाणे.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल, किंवा माहीत असेल म्हणूनच तुम्ही हळदीच्या गाण्यांना स्वस्त धरता. कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाला सूट आहे. वरात आणि लग्नाशी जोडलेले बाकीचे समारंभ धार्मिक विधीत धरलेत, तिथे गाणं वाजवलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. म्हणजे माझं गाणं जिथे सगळ्यात जास्त वाजतं, मांडवात, तिथे एक रुपयाही लागत नाही आणि लागूही नये, हे मी मनापासून म्हणतो, नवरीच्या बापाकडे हळदीच्या रात्री पावती पुस्तक घेऊन कोणी गेलं तर मी स्वतः त्याला हाकलून देईन. पण त्याचा अर्थ असा की हॉटेलात, मॉलमध्ये वाजणाऱ्या गाण्यांना जी लायसन्सची कमाई असते ती आमच्या गाण्याला जवळपास नाहीच. आमच्याकडे उरतं ते फक्त मोबाइलवरचं. आणि मोबाइलवरचा हिशोब फक्त तुमच्याकडे. म्हणून मी त्या एका पानावर एवढा जीव काढतोय.

आणि मला सगळ्यात हसू येतं ते तुम्ही स्वतः तुमच्यापेक्षा मोठ्यांशी भांडता तेव्हा. जानेवारी २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकने टिकटॉकशी रेटवरून फाटलं तेव्हा कलाकार आणि गीतकारांच्या नावाने खुलं पत्र काढलं होतं, की बाकी प्लॅटफॉर्म देतात त्याच्या तुलनेत हे अगदी किरकोळ देतायत, आणि वर आम्हाला दमदाटी करतायत. गाणी काढून घेतली, आणि मे महिन्यात नवा करार झाला. म्हणजे खुलं पत्र लिहायची आयडिया माझी नाही, तुमच्याच धंद्यातली आहे! आपल्याकडे बघा, टिप्स ही म्युझिक कंपनी आणि एअरटेलचं गाण्यांचं ॲप विंक, मुंबई हायकोर्ट, २०१९. विंकचं म्हणणं की रेडिओ-टीव्हीसारखा आम्हालाही कायद्याने ठरवलेल्या रेटने लायसन्सचा हक्क आहे, कंपनीचं म्हणणं की नाही, कलम ३१ डी इंटरनेटला लागू नाही. कंपनी जिंकली, २०२२ ला दोन जजच्या बेंचनेही तेच कायम केलं. निकाल बरोबरच असेल, मी कोण बोलणारा. पण त्याचा अर्थ काय, तर मोठा गिऱ्हाईक समोर असला तरी त्याने म्हटलेल्या रेटला आम्ही बांधील नाही, आमच्याशी बसून बोला. साहेब, मी पण तेच म्हणतोय. माझ्याशी बसून बोला. ‘स्टँडर्ड आहे, सगळे साइन करतात’ याला बोलणं म्हणत नाहीत.

आणि २०१५ मध्ये अमेरिकेत सोनी आणि स्पॉटिफायचा २०११ चा करार फुटला होता, तो बातम्यांमध्ये सगळ्यांनी वाचला. तीन वर्षांसाठी ४ कोटी २५ लाख डॉलर आगाऊ. म्हणजे मोठ्यांच्या टेबलावर आगाऊ रक्कम असते, किमान हमी असते, आमचे रेट इतरांपेक्षा कमी नकोत असली कलमं असतात, हिशोब तपासायचा हक्क असतो. अशी कलमं तुम्हाला लिहिता येत नाहीत असं नाही, रोज लिहिता. खाली आमच्यापर्यंत येता येता ती गळून पडतात एवढंच.

कोर्टात जा, असं काही मित्र म्हणतात. जाचक करार असेल तर कलम १९ए खाली दाद मागता येते, पूर्वी त्यासाठी अपील बोर्ड होतं, ते २०२१ ला बंद केलं आणि काम कोर्टांकडे गेलं. आता ४१ रुपये २० पैशांसाठी मी उरणहून रजा टाकून, वकील करून, फोर्टला किती तारखा करायच्या? तुम्हालाही हे माहीत आहे. तुमची सगळी ताकद कायद्यात नाही, माझ्या रजेत आहे.

आता नव्या तीन गाण्यांचं. मी नाही म्हणत नाहीये, हे नीट वाचा. तुमच्याकडे पोच आहे, प्लेलिस्टमध्ये गाणं बसवणारी माणसं आहेत, व्हिडिओला पैसा आहे, माझ्याकडे यातलं काही नाही, आणि १५ टक्के हा आकडा पण मला वाईट वाटत नाही. दहाही चालतील. रेकॉर्डिंगमधले दहा टक्के, पण प्लॅटफॉर्मकडून तुमच्या हातात जे पडतं त्या रकमेचे, कापायच्या आधी. तुम्हाला कपात करायचीच असेल तर एक ठरलेला आकडा लिहा, वीस टक्के म्हणा, पंचवीस म्हणा, आणि ‘कंपनीला योग्य वाटेल असा इतर खर्च’ ही ओळ खोडा, कारण त्या ओळीपुढे १५ काय आणि ५० काय, सारखेच. शब्द-चालीची रॉयल्टी याच्यात धरू नका, ती सोसायटीमार्फत येईल, त्यावर सही मागू नका कारण ती माझ्या हातात विकायला नाहीच. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंट, त्यात गाणं, आयएसआरसी, प्लॅटफॉर्म, किती वेळा, किती पैसे, एवढे पाच रकाने. एक्सेलमध्ये. पीडीएफ नको. आणि एका गाण्याचा खड्डा दुसऱ्या गाण्याच्या पैशांनी भरायचा नाही, म्हणजे व्हिडिओ पडला तर त्या गाण्यापुरता पडला, चाललेल्या गाण्यातून तो वसूल करायचा नाही, तुमच्या बाराव्या पानावर ते फार हळूच लिहिलंय.

मुदत. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, आणि जागा लिहिली नाही तर भारत. मला हे पाच वर्षं आणि भारत एकदम पसंत आहे. दुबई, लंडनची पोरं ऐकतात म्हणून जग घ्या हवं तर. ब्रह्मांड राहू द्या.

शेवटच्या पानावर यावेळी एक नवीन कलम दिसलं, गायकाचा आवाज आणि गाणी ‘मशीन लर्निंगसाठी आणि आवाजाच्या निर्मितीसाठी’ वापरायची परवानगी. हे मी देणार नाही, त्याला कुठलाच टक्का नाही. २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना थांबवलं, ते मोठे गायक, त्यांचं लगेच ऐकलं गेलं. माझ्या कोरसमधल्या बहिणींचं कोण ऐकणार, त्यामुळे सही करायच्या आधीच नाही म्हणून ठेवतो.

जीएसटीचंपण सांगून टाकतो, तुमच्या अकाउंट्सने मागच्या वेळी ‘जीएसटी नंबर नसेल तर पेमेंट रिलीज होणार नाही’ असं कळवलं होतं. म्युझिक कंपनीला आपला कॉपीराइट वापरायला देणाऱ्या संगीतकाराच्या बाबतीत तो टॅक्स रिव्हर्स चार्जमध्ये येतो, म्हणजे भरायचा तुम्ही. पोरगी बीकॉमला आहे म्हटलं ना.

आणि नवीन काहीही व्हायच्या आधी ती जुनी नोंद दुरुस्त करा. कोरसची पहिली ओळ, पारंपरिक, धवला. बाकी शब्द आणि चाल, माझं नाव. यासाठी तुम्हाला एक रुपया खर्च नाही, एक मेल पाठवायचाय. माझ्या चॅनलवरचा क्लेमपण काढा, तीन मिनिटांचं हार्मोनियम आहे ते, मागून कुकरची शिट्टी ऐकू येते, त्यावर किती कमवाल.

तिन्ही गाणी तयार आहेत, चाली मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवल्यात. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे मांडव पडायला लागतात, बेंजोवाल्यांना त्याच्या महिनाभर आधी गाणं कानावर पडायला लागतं, तेव्हा तुमच्याकडे फार वेळ नाही, माझ्याकडे आहे, मी ती मांडवात जाऊन स्वतः गाईन. माझी शिफ्ट शनिवारी दोनला सुटते, त्यानंतर कधीही फोन करा. फक्त फोनच्या आधी ते पाच रकान्यांचं स्टेटमेंट पाठवा, २०१६ पासूनचं.

आपला,
तुमच्या फाइलमधला ‘पारंपरिक’
उरण, जि. रायगड